चढावर बोलायचं नसतं

पुनावळे,
रविवार, १२ जानेवारी २०२५

अण्णा,

तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून पत्र. तुम्ही ते परत पाठवायला लावाल अशी भीती होती. पण गंगाखेडचा पोस्टमन लहानपणी तुमच्याच एसटीतून शाळेला जायचा, त्याला तुम्ही तसं सांगणार नाही.

बातमी अशी आहे. आमच्या कंपनीनं तमिळनाडूत, होसूरला नवा प्लांट काढलाय. तिथल्या क्वालिटी विभागाची प्रमुख म्हणून मला पाठवतायत. मी हो म्हटलं. म्हणायच्या आधी कुणाला विचारलं नाही.

खोलीतलं सामान फार नाही, ते एका टेम्पोत जाईल. प्रश्न गाडीचा आहे. आईनं तुम्हाला गाडीबद्दल सांगितलंच असेल. पाच वर्षं झाली घेऊन. ऑटोमॅटिक आहे, आणि स्टेअरिंगखाली एक दांडा बसवून घेतलाय. पुढं ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. सगळं हातानं. पाय नुसते सोबत येतात. व्हीलचेअर मागच्या सीटवर. रोज पुनावळ्याहून चाकणला जाते, येते. तळवड्याच्या चौकात सगळे अडकतात तशी मीही अडकते, आणि सगळे देतात तशा शिव्याही देते. ही गाडी नसती तर मला होसूरला हो म्हणता आलं नसतं. तिथं मला एक माणूस ओळखत नाही.

एवढ्या लांब मी ती चालवत नेणार नाही. गाड्या वाहून नेणाऱ्या मोठ्या ट्रकमधून पाठवायचं ठरलंय. सत्तावीस फेब्रुवारीला चढवायची.

तुम्ही चौतीस वर्षं स्टेअरिंग धरलं. म्हणून विचारते. ट्रकमधून पाठवायच्या गाडीत पेट्रोल किती ठेवावं? चाकांत हवा नेहमीएवढी की कमी? वाहतूकवाल्यांनी एक कागद दिलाय, त्यात सगळं लिहिलंय. तरी विचारते.

आता लिहायलाच बसलेय तर तेही लिहिते. माझ्या अपघातानंतर बाराव्या दिवशी तुम्ही मला न विचारता माझा राजीनामा कंपनीत नेऊन दिलात. मी शुद्धीवर होते, अण्णा. पाय गेले होते, डोकं जागेवर होतं. साहेबांनी तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि खरं काय ते मला विचारायला दवाखान्यात आले, म्हणून मी आज इथं आहे. नाहीतर सहा वर्षं गंगाखेडच्या ओसरीत बसून रस्ता बघत असते.

त्या दिवशी वॉर्डात मीही काहीबाही बोलले असेन. नीट आठवत नाही.

तुमची,
पूनम


पुनावळे,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

तुमचं उत्तर आलं नाही. आईचा फोन मात्र दर दोन दिवसांनी येतोय. तुम्ही पत्र वाचलंच नाही असं ती म्हणते. पण ते आलं त्या दुपारी तुम्ही चष्म्यासाठी अख्खं घर उलथंपालथं केलंत, हेही तीच म्हणते.

शिवाय आई अचानक गाड्यांतली जाणकार झालीय. परवा म्हणाली, "पोरी, पेट्रोल पाव टाकीच्या वर ठेवू नको. हवा नेहमीएवढीच. आणि पट्टे चाकाला बांधायला लाव, अंगाला नको. अंगाला बांधले की वळणावर गाडी ओढली जाते." मी म्हटलं, आई, तुला हे कुणी सांगितलं? तर म्हणते, "मला कळत नाही व्हय काही?"

असू दे. तिला सांगा, तिनं सांगितलं तसंच करतेय.

गेला महिना आरटीओत गेला. गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची तर इथलं ना हरकत पत्र लागतं. पहिल्या दिवशी खिडकी उंच होती, माझ्या खुर्चीतून कागद आत पोचत नव्हते. रांगेतल्या एका माणसानं न विचारता माझे कागद ओढून घेतले आणि तोच माझ्या वतीनं बोलायला लागला. चांगुलपणानंच करत होता. मी कागद परत मागितले. मग आतला क्लार्क उठून बाहेर आला. तिसऱ्या खेपेला पत्र मिळालं.

काल गाडी धुतली. वाहतूकवाल्यांचा नियम आहे, गाडी स्वच्छ हवी, म्हणजे आधीचे ओरखडे दिसतात आणि नंतर भांडण होत नाही. माझ्या घरमालकीण गिरजाबाई बादली घेऊन स्वतः आल्या. पुनावळ्याच्या जुन्या घरातल्या. त्यांच्या भाताच्या खाचरांवर आता बावीस मजले उभे आहेत. माझ्यासाठी तळमजल्याच्या दाराचा उंबरा त्यांनी स्वतः फोडून घेतला होता. "उंबरा काय, पुन्यांदा बसवता येतो," म्हणाल्या होत्या. काल गाडी पुसता पुसता म्हणाल्या, "आता तिकडं तुझ्यासाठी कोन उंबरा फोडनार गं?" मी म्हटलं, आधी सांगून ठेवलंय, तिथं उंबराच नाही. तर त्यांना ते आवडलं नाही. "उंबऱ्याबिगर घर न्हाई," म्हणाल्या आणि मागची काच दोनदा पुसली.

डिकी रिकामी केली. फास्टॅग काढला, नाहीतर ट्रक प्रत्येक नाक्यावरून जाताना आतल्या गाडीचाही टोल कापला जातो. चारी बाजूंनी फोटो काढले.

पण खरं तर पत्र लिहायला बसले ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी. काल आई फोनवर म्हणाली, "आणि त्या दांड्याखालचा डावीकडचा नट बघून घे. तो ढिला होतो."

तो नट खरंच ढिला होतो. दर चार-सहा महिन्यांनी. पण तो गाडीत वाकून, चटई उचलून, हात घातल्याशिवाय कुणाला कळायचा नाही. आईनं माझी गाडी फोटोत पाहिलीय. मी विचारलं तर दूध उतू जातंय म्हणाली. दुपारी तीन वाजता.

अण्णा, तुम्हाला तो नट कसा माहीत?

पूनम


पुनावळे,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

काल कोंडाजींकडे गेले होते. तुम्ही त्यांना ओळखता.

दांडा बसवला तो त्यांनी, मोशीच्या अलीकडच्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये. वाहतूकवाल्यांच्या कागदात आहे की जास्तीचे जोडलेले भाग शक्यतो काढून ठेवा. म्हणून म्हटलं, त्यांनाच विचारावं.

त्यांनी चटई उचलली, डावीकडचा नट आवळला आणि म्हणाले, "काढू नगं. एकदा मापानं बसल्याली गोष्ट पुन्यांदा तशी बसत न्हाई. तिकडं कोन बसवून देनार?" आणि पाना पुसत सहज विचारलं, "काका बरं हायत ना?"

"कोण काका?"

"आता! तुजं वडील. एस्टीतलं."

मग त्यांनी सांगितलं, अण्णा. सगळं. तुम्ही त्यांना शपथ घातली होतीत, पण ते म्हणाले की पाच वर्षांनंतर शपथेचा जोर कमी होतो.

लॉकडाऊनच्या आधीचा फेब्रुवारी. गाडी त्यांच्याकडे कामाला टाकून, आईला फोनवर तसं सांगून मी निघून आले होते. दुसऱ्या दिवशी एक म्हातारा माणूस कापडी पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, ही गाडी माझी लेक चालवणार आहे, आधी मी चालवून बघतो. कोंडाजींना वाटलं, कुणीतरी भांडायला आलाय. तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर बसलात, आणि पाय चुकून हलायला नकोत म्हणून टॉवेलनं दोन्ही मांड्या सीटला बांधायला लावल्यात. मागच्या मोकळ्या प्लॉटवर दोन दिवस फिरवलीत, तेवढ्यात डावीकडचा नट दोनदा ढिला झाला. पहिल्याच फेरीत भिंतीला बंपर घासलात. तो ओरखडा मला आजपर्यंत कोंडाजींचा वाटत होता.

पहिल्या संध्याकाळी तुम्ही म्हणालात की दांडा लांब आहे. "माझ्या लेकीचं मनगट बारीक आहे. घाटात दमेल." तो दोन बोटं कापून घेतलात. मूठ बदलून रबराची लावलीत. मग पुन्हा पाय बांधून पुन्हा फिरवलीत. कोंडाजी म्हणाले, "आमी नंतर आनि धा-बारा गाड्या केल्या. समद्या त्याच मापानं सुरू करतो."

मी वर्कशॉपच्या दारात बसून रडले. त्यांचे कामगार चहा आणायला म्हणून एकेक करून बाहेर निघून गेले.

पाच वर्षं मी त्या मुठीला हात लावतेय, अण्णा. रोज. आणि रोज मनात म्हणत होते, हे मी तुमच्याशिवाय केलं.

आता माझं ऐका. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. वॉर्डात काय बोलले ते मला अक्षर न् अक्षर आठवतं. राजीनाम्यावरून भांडण सुरू झालं, पण मी थांबले नाही. म्हटलं, "स्कूटर तुम्हीच शिकवलीत ना? मुलगी असून चालवते म्हणून गावभर मिरवलंत ना? मग हे तुमच्यामुळेच झालं." वॉर्डातल्या आठ खाटा ऐकत होत्या. तुम्ही माझ्यासाठी सोललेलं संत्रं स्टुलावर ठेवलंत आणि गेलात.

सिग्नल तोडणारा ट्रक होता. मी नियमानं जात होते. चालवायला तुम्ही शिकवलंत तशीच चालवत होते. मला ते तेव्हाही माहीत होतं.

गुरुवारी, सत्तावीसला, सकाळी दहा वाजता गाडी चढवायची आहे. चाकण-तळेगाव रस्त्यावर ट्रकचं यार्ड आहे, पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. हे बोलावणं आहे. याच्यापेक्षा सरळ मला लिहिता येत नाही.

पूनम


होसूर,
रविवार, ९ मार्च २०२५

प्रिय आई,

अण्णांनी तुला चाकणचं काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे. "गेलो, आलो, गाडी गेली." म्हणून हे पत्र तुझ्या नावानं. वाचून तेच दाखवतील. अण्णा, मधलं काही गाळू नका. आई, ते अडखळले तर समज की गाळतायत.

मी साडेनऊला यार्डात पोचले. गेटच्या बाहेर चहाची टपरी आहे. तिथल्या बाकावर कापडी पिशवी मांडीवर घेऊन अण्णा बसले होते. आठ वाजल्यापासून, असं टपरीवाला म्हणाला. मी काच खाली केली. सहा वर्षांनी समोरासमोर. काय बोलायचं ते मी दहा दिवस पाठ करत होते. अण्णांनी आत वाकून काट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "टाकी किती ठेवलीस?"

"पावाच्या खाली."

"बरं."

आणि शेजारी येऊन बसले. केस अगदी पांढरे झालेत, आई. तू सांगितलं नव्हतंस.

यार्ड म्हणजे खडीचं मैदान. कोऱ्या करकरीत गाड्यांच्या रांगा, अंगावर प्लॅस्टिक अजून तसंच. त्यांच्यात माझी एकटी जुनी, एम.एच. चौदा. तिथला सुपरवायझर एक कागद घेऊन आला. त्यावर गाडीचं चित्र असतं, आणि गाडीवर जिथं ओरखडा तिथं चित्रावर फुली. मी खुर्चीत बसून एकेक सांगत होते. हा कंपनीच्या पार्किंगचा, हा तळवड्याच्या रिक्षाचा. पुढच्या बंपरपाशी आलो तेव्हा अण्णा म्हणाले, "हा माझा." सुपरवायझरनं फुली मारली. मी तोंड उघडायच्या आत ते पुढच्या चाकाकडे वळले.

मग गाडी चढवायला ट्रकचा ड्रायव्हर आला. रविराज, आपल्याकडचाच, आष्टीचा. उंच, सहा फुटांच्या वर. पायाचे पेडल माझ्या गाडीलाही आहेत, त्यामुळे त्याला वाटलं की सोपं आहे. सपाटीवर नीट आणली. पण पुढची चाकं उतारफळीवर चढली आणि ब्रेकवर पाय न्यायला त्यानं गुडघा उचलला तो दांड्यात अडकला. दांडा ओढला गेला की वेग. गाडीनं जी उसळी घेतली, आई, मी डोळे मिटले. उघडले तेव्हा डावं चाक फळीच्या कडेपासून वीतभर होतं. रविराज घाम पुसत उतरला. "ताई, ही गाडी माझ्या हातची नाही."

सुपरवायझर म्हणाला, "दांडा काढा, नाहीतर गाडी परत न्या. तिसरा मार्ग नाही."

मी म्हटलं, मी चढवते.

"मॅडम, यार्डात बाहेरच्या माणसाला चढवू देत नाही. आणि तुमची परिस्थिती..."

मला वाटलं, संपलं. दांडा काढला तर होसूरला तो कोण बसवणार, आणि परत नेली तर दहा तारखेला मी कामावर जाणार कशी? मी अण्णांकडे पाहिलं नाही, आई. खरं सांगते, मला भीती होती की ते म्हणतील, जाऊ दे पोरी, चल घरी.

अण्णांनी पिशवी खडीवर ठेवली. म्हणाले, "साहेब, ही गाडी दोघांनाच चालवता येते. एक मी. माझं लायसन संपलंय आणि डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दुसरी ही. हिचं लायसन चालू आहे आणि पाच वर्षं चाकणच्या रस्त्यावर चालवायलीय, ट्रकांमधनं. तुमचा माणूस शेजारी बसवा. चढवील ती."

सुपरवायझरनं दोन फोन केले. एका कागदावर माझी सही घेतली. रविराज शेजारी बसला आणि त्यानं दारावरचं हँडल घट्ट धरलं. अण्णा फळीवरून वर गेले आणि ट्रकच्या पोटात, तोंड माझ्याकडे करून उभे राहिले.

मला एकदम वाटलं की आत्ताच सांगावं. काच खाली होती. मी म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी मी..."

"चढावर बोलायचं नसतं," ते म्हणाले. "आधी गाडी चढव."

मी दांडा ओढला. पुढं फक्त आभाळ दिसत होतं आणि खाली अण्णांचे दोन हात. जरा डावीकडे. सरळ. ये. ये. ये. गाडीचं नाक खाली आलं तेव्हा ते बंपरपासून हातभर अंतरावर होते. एक पाऊलही मागे सरकले नव्हते. मी दांडा ढकलला, गाडी थांबली. रविराजनं हँडल सोडलं आणि टाळ्या वाजवल्या.

मग कळलं की चढायचा विचार सगळ्यांनी केला होता, उतरायचा कुणीच नाही. ट्रकच्या आत दार निम्मंच उघडत होतं आणि माझी खुर्ची खाली खडीवर. सुपरवायझर डोकं खाजवायला लागला. मला हसू आलं, आणि मी हसते म्हटल्यावर रविराजही हसला. शेवटी त्या दोघांनी हातांची खुर्ची केली. मी एक हात रविराजच्या गळ्यात टाकला, एक अण्णांच्या. अण्णांना दम लागला होता. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला बोलवू का? तर म्हणाले, "गप बस."

त्यांनी पट्टे चाकांनाच बांधून घेतले. प्रत्येक पट्टा स्वतः ओढून पाहिला. ट्रक गेटातून बाहेर जाऊन नाशिक रस्त्याकडे वळेपर्यंत आम्ही बघत होतो.

मग टपरीवर चहा घेतला. तेव्हा मी बोलले. पत्रात लिहिलं होतं तेच तोंडानं बोलले, कारण लिहिणं सोपं असतं. अण्णा कपाकडे बघत होते. म्हणाले, "खोटं नव्हतीस बोलली. शिकवली मीच." कप बाकावर ठेवला. मग म्हणाले, "पण मग आज चढवलीस, त्यालाही माझंच नाव दे."

दिलं, म्हटलं.

राजीनाम्याचं त्यांनी स्वतःहून काढलं. म्हणाले, घाटात गाडी बंद पडली की ड्रायव्हर आधी खाली उतरून चाकाला दगड लावतो, मागे जाऊ नये म्हणून. "मी भ्यालो होतो, पोरी. तुलाच दगड लावला. गाडी चालू होईल हे मनातच आलं नाही."

आई, हे ते तुला वाचून दाखवतायत की नाही? नसतील तर कागद त्यांच्या हातातून घे आणि शेजारच्या रोहिदासच्या सुनेकडून वाचून घे.

गाडी पाच तारखेला इथं पोचली. रविराजच घेऊन आला. म्हणाला, काकांनी वाटेत चार फोन केले, दोन पट्ट्यांसाठी आणि दोन मी जेवलो का विचारायला. इथं उतरवताना मीच बसले. उलट्या दिशेनं, मागे बघत. "काका नाहीत, मी हात दाखवतो," म्हणाला. त्याला अण्णांइतकं जमत नाही. पण एकही नवी फुली पडली नाही.

उद्या कामाचा पहिला दिवस. काल प्लांटपर्यंतचा रस्ता बघायला एकटी निघाले. पाट्या तमिळमध्ये, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा एका बाईनं खुणेनं सांगितलं. पोचायला पाऊण तास लागला. येताना वीस मिनिटं.

मेमध्ये तुम्ही दोघं या. बेंगळुरूपर्यंत रेल्वे आहे, तिथून मी न्यायला येते. अण्णा पुढं बसतील. दुसऱ्याच्या गाडीत बसलं की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधतो, हे तुला आणि मला दोघींना माहीत आहे. त्यांना सांग, खुशाल दाबा. त्या बाजूला पायाखाली काहीच नाही, आणि माझा हात दांड्यावर आहे.

तुझी आणि त्यांची,
पूनम